आमच्या साडूंनी ऐकलेला चेलो

हे कुणालाही खरं वाटणार नाही. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या एकालाही वाटलेलं नाही. एक गृहस्थ तर अर्ध्यातून उठून गेले आणि जाताना छत्री विसरले, इतका त्यांचा माणुसकीवरचा विश्वास उडाला होता. ती बघ, दारामागे लटकते आहे. ही गोष्ट खरी असल्याचा पुरावा म्हणून आम्ही ती जपून ठेवली आहे.

तेव्हा सूनबाई, तू या घरात नवीन आहेस म्हणून तुला सवलत: खरं वाटलं नाही तरी मान हलवत राहा. तुझा नवरा मी तोंड उघडताच बाहेर सटकला यावरून काही अर्थ काढू नकोस. त्याला लहानपणापासून इतिहासाचं वावडं आहे. आणि तुझ्या सासूबाई आत इस्त्री करताहेत, त्यांचं इकडे लक्ष नाही.

ही गोष्ट आमच्या साडूंची. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. या नात्याकडे जगाने द्यावं तेवढं लक्ष दिलेलं नाही. भाऊ भांडतात, व्याही रुसतात, जावई फुगून बसतात. साडू मात्र एकमेकांकडे बघून नुसती मान हलवतात. एकाच डॉक्टरकडे, एकाच दुखण्यासाठी, एकाच बाकावर बसलेल्या दोन पेशंटांमध्ये जी माया असते ती साडूंमध्ये असते. आमची तर त्यांच्याशी जास्तच जवळीक. दोघंही वजनमापे खात्यात. एकाच कचेरीत, एकाच टेबलावर, आणि हे तुला खोटं वाटेल, पण एकाच खुर्चीवर. कचेरीत खुर्च्या फार कमी होत्या.

साडूंचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची मापं तपासण्यात गेलं. किराणावाल्याचा तराजू, कापडवाल्याची पट्टी, पेट्रोलपंपाचा काटा. खात्याच्या कपाटात, काचेच्या पेटीत, मऊ कातड्यात गुंडाळलेलं एक वजन असायचं. ते खरं. बाकी जगातली सगळी वजनं त्याच्यापुढे उभी राहून एक तर कमी भरायची, नाही तर जास्त. या एका गोष्टीवर साडूंचा विश्वास बसला तो कायमचा. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूचा एक खरा नमुना कुठल्या तरी कपाटात ठेवलेला असतो, आणि आपण फक्त त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधायचं असतं.

आमची मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, शाळेत गणित शिकवायची. ती आणि साडू सगळीकडे जोडीने जायचे. बँकेत जोडीने, दाताच्या डॉक्टरांकडे जोडीने. भाजी आणायला गेले तरी पिशवीचा एक बंद तिच्या हातात, दुसरा यांच्या. पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी असली तरी दोघं मिळून ती अशी आणायचे की बघणाऱ्याला वाटावं, आत वीटकाम आहे.

या मेहुणीला लहानपणापासून चेलो आवडायचा. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. आकाराने एवढा थोर की हनुवटीखाली मावत नाही, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरावा लागतो. नोकरी संपल्यावर ती म्हणाली, "आता आपण मैफलींना जायचं." साडू म्हणाले, "जाऊ की." त्यांना वाटलं, हेही पिशवीसारखंच असेल, एक बंद धरला की झालं.

सभागृहात ते दोघं तिसऱ्या रांगेत...

"चौथ्या!" आतून सासूबाई.

बरं, चौथ्या. बघितलंस सूनबाई? बहिणी-बहिणींत सगळं बोलणं होत असतं. कुठल्या रांगेत बसले होते इथपर्यंत.

तर चौथ्या रांगेत बसले. डोक्यावर छतातून दोन मायक्रोफोन लोंबत होते, कारण त्या दिवशीचा कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा होता. स्टेजवर एक खुर्ची. एक माणूस आला, चेलो घेऊन त्या खुर्चीवर बसला. साडू बराच वेळ बाजूच्या दाराकडे बघत राहिले. त्यांना वाटलं बाकीचे उशिरा येताहेत. पण बाकीचं कुणी येणारच नव्हतं. तो तुकडाच तसा होता: एकटा चेलो, साथीला काही नाही, सहा भाग, आणि त्यातला चौथा भाग इतका संथ की दोन स्वरांच्या मध्ये माणसाने चहा करून आणावा.

त्या चौथ्या भागात साडूंचा डोळा लागला.

आता इथे एक खुलासा केला पाहिजे. 'घोरणं' हा शब्द साडूंना मान्य नाही. त्यांच्या मते त्यांचा श्वास मोठा आहे. तो मोठा असण्यात त्यांचा काही दोष नाही, जशी कुणाची पावलं मोठी असतात. एका ठिकाणी त्या वादकाने गज तारांवरून उचलला आणि हवेत तसाच धरून ठेवला. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. सगळं म्हणजे, एक सोडून. त्या शांततेत साडूंचा श्वास आला, आणि आला तो असा की वादकाने डोळे उघडले. पुढच्या रांगेतला टकलू माणूस मागे वळला. मग त्याची रांग वळली. मेहुणीने कोपर मारलं, त्याने साडू जागे झाले आणि आपण झोपलो नव्हतो हे सिद्ध करायला त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. तुकड्याचे अजून दोन भाग बाकी होते.

बसमध्ये मेहुणी खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर चप्पल काढताना एवढंच म्हणाली, "तुम्हाला जबरदस्ती नव्हती यायची."

"मी डोळे मिटून ऐकत होतो."

"हो. सगळ्यांनी ऐकलं ते."

दुसऱ्या दिवशी ती जाऊन वर्षभराच्या मैफलींचं तिकीट काढून आली. साडूंनी ते आरशाच्या कडेला खोचलेलं पाहिलं. उलटं करून पाहिलं. मागे दुसरं चिकटलंय का तेही नखाने पाहिलं.

"एकच काढलंस?"

"एकच. झोपायला घरी पलंग आहे."

त्या संध्याकाळी ती भाजीला गेली तीही एकटीच. साडू गॅलरीतून बघत होते. पिशवीचे दोन्ही बंद तिने एकाच हातात धरले होते. एवढीशी गोष्ट, पण साडूंना असं वाटलं की खात्याच्या कपाटातलं ते खरं वजन कुणीतरी उचलून नेलं.

चौकशी करता कळलं की हिवाळ्यात तोच वादक परत येणार होता आणि तोच तुकडा वाजवणार होता. साडू बायकोला म्हणाले, "समज, तोवर मला त्यात काय आहे ते कळलं, तर?"

"तर बघू," मेहुणी म्हणाली.

कचेरीत 'बघू' याचा अर्थ 'नाही' असा होतो. घरात त्याचा अर्थ 'बघू' असाही होऊ शकतो. या एका शक्यतेवर साडू कामाला लागले.

आधी गेले ग्रंथालयात. तिथल्या बाईंना तुकड्याचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "याची सात रेकॉर्डिंग आहेत. कुठलं देऊ?"

"बरोबर असेल ते द्या."

"सगळीच बरोबर आहेत."

"असं कसं? तुकडा एकच आहे ना? कागदावर छापलेला आहे ना?"

"आहे ना."

"मग सात कशी?"

"सात जणांनी वाजवलंय. प्रत्येकाने आपापलं."

"आणि त्यांना कुणी विचारलं नाही?" साडूंनी आवाज खाली आणून विचारलं. बाईंनी सातही सीडी पुढे सरकवल्या आणि मागच्या माणसाला बोलावलं.

साडूंनी पद्धतशीर काम सुरू केलं. दुपारी मेहुणी शिकवण्यांना गेली की खुर्ची स्पीकरसमोर ओढायची, हातात कचेरीतून निवृत्तीच्या वेळी मिळालेलं थांबघड्याळ घ्यायचं आणि ऐकायचं. पहिला वादक म्हातारा. सावकाश, प्रत्येक स्वर हातात घेऊन, उजेडात धरून, मग खाली ठेवणारा. दुसरी एक तरुण बाई. ती असं वाजवत होती की शेवटची बस सुटते आहे आणि घरी दूध तापत ठेवलंय. साडूंनी घड्याळ पाहिलं. डोळे चोळले. परत दोन्ही लावली. तुकडा तोच, सहाच भाग, स्वरही तेवढेच, आणि बाईने म्हाताऱ्यापेक्षा जवळजवळ पाच मिनिटं कमी दिली होती.

दुसऱ्या एखाद्याने संगीताचा विचार केला असता. साडू सरळ कचेरीत गेले.

तिथे आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला निरीक्षक बसला होता. तो खुर्चीवरून उठला. "साहेब, बसा बसा."

"बसायला नाही, तक्रार द्यायला आलोय. माप कमी भरतंय."

"माल कुठला, साहेब?"

"चेलो."

"सुटा की पाकीटबंद?"

"पाकीटबंद."

"वजनावर की नगावर?"

"मिनिटांवर."

निरीक्षकाने पेन खाली ठेवलं. त्याने नियमांचं जाड पुस्तक काढलं, त्यात द्रव पाहिलं, घन पाहिलं, दोरी, तार आणि कापड पाहिलं. "साहेब, सूर कशात धरू? तार धरली तर लांबीत जाईल."

"तार धर," साडू म्हणाले.

नियमाप्रमाणे दोन्ही सीडी नमुना म्हणून ताब्यात घेऊन त्यांच्यावर लाखेचं सील मारण्यात आलं. त्या ग्रंथालयाच्या होत्या हे साडूंच्या लक्षात आलं, पण सील ओलं असताना बोलायची खात्यात पद्धत नाही. ग्रंथालयाने साडूंचं कार्ड काढून घेतलं, आणि पुढे त्या बाई त्यांना बघितलं की कपाटाला कुलूप लावायच्या.

यथावकाश उत्तर आलं. कार्यालयाने दोन्ही नमुने सर्व कर्मचाऱ्यांसमक्ष पूर्ण वाजवून मोजले. पाकिटांवर छापलेली वेळ आणि आत भरलेली वेळ तंतोतंत जुळते, सबब तक्रार निकाली. खाली निरीक्षकाने पेनाने लिहिलं होतं, "साहेब, मला म्हातारा जास्त आवडला. चौथा भाग आम्ही परत लावला."

साडूंना तक्रार फेटाळल्याचं काही वाटलं नाही. तक्रारी फेटाळण्यातच त्यांची हयात गेली होती. पण आपल्या हाताखालच्या माणसाला, कचेरीच्या वेळेत, फुकट, आपल्याआधी चौथा भाग कळावा, हे त्यांना फार लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणजे भात घेतला नाही.

हे सगळं बिल्डिंगमध्ये लपून राहणं शक्य नव्हतं. वरच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "तुम्ही चुकीच्या माणसापासून सुरुवात केलीत," आणि त्या सातांतल्याच एकाची आपल्याकडची जुनी सीडी घेऊन आले. त्या वादकाला वाजवताना नाकाने सूं सूं करायची सवय होती. साडूंना वाटलं मशीनच्या आत काही अडकलंय. त्यांनी मशीन दुरुस्तीला टाकलं. दुरुस्तीवाल्याने ते उघडलं, परत बंद केलं, आणि हातात उरलेला एक स्क्रू साडूंना देत म्हणाला, "हा नसला तरी चालतं." सूं सूं तशीच राहिली. मग डॉक्टरांनी कान लावून निदान केलं, "नाक नाही हो. याची वरची कवळी ढिली आहे. तिसऱ्या भागात स्पष्ट वाजते." त्यानंतर साडूंना तिसऱ्या भागात कवळीशिवाय काही ऐकूच येईना.

शेजारी कवायतीचे मास्तर राहायचे. त्यांचं म्हणणं, "बसून ऐकता म्हणून झोप येते. चालत ऐका. डावा, उजवा." साडू खोलीत गोल चालत ऐकू लागले. पण तो संथ भाग आला की एक पाय उचलल्यावर दुसरा स्वर येईपर्यंत तो हवेतच धरावा लागे. दोनदा तोल जाऊन ते कपाटावर आदळले.

तळमजल्यावर एक बाई राहायच्या. त्यांचं वरच्या घरांवर बारीक लक्ष असे. त्यांनी रोज दुपारी खालून काय ऐकलं, तर काहीतरी जड ओढल्यासारखा खोल, लांबलचक आवाज, मग थांबणं, मग धपकन आदळणं, आणि परत ओढणं. त्यांनी जिन्यात साडूंना गाठलं. "काय हो, रोज कपाटं सरकवताय? घर सोडताय वाटतं."

"चेलो आहे तो."

"असेल. कुठल्याही कंपनीचं असो, जड दिसतंय."

बिल्डिंगमध्ये अशा गोष्टी जिन्यापेक्षा वेगाने चढतात. साडू सामान हलवताहेत. बायको हल्ली एकटीच बाहेर जाते. तिच्याकडे कुठलंसं एकाच माणसाचं तिकीट आहे. भाजीची पिशवीसुद्धा एकटीच आणते. या चार गोष्टींची बेरीज करायला गणिताची शिक्षिका लागत नाही. रविवारी कवायतीचे मास्तर गंभीर चेहऱ्याने आले, साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या वयात असा निर्णय घेऊ नका. दोघं मिळून सकाळी धावत जा." आणि सोमवारी घरांचा दलाल एक जोडपं घेऊन दारात उभा राहिला.

साडू त्या वेळी सातव्या रेकॉर्डिंगच्या संथ भागात होते आणि त्यांचा एक पाय हवेत होता. त्यांनी हातानेच 'आत या, पण बोलू नका' अशी खूण केली. दलालाने त्याचा अर्थ आपल्या धंद्याच्या सोयीने घेतला. मेहुणी शिकवणीवरून आली तेव्हा तिच्या घरात एक अनोळखी बाई टेपने तिचं स्वयंपाकघर मोजत होती आणि म्हणत होती की ओटा फार उंच...

"खिडकी! ओट्याला काय झालंय?" आतून सासूबाई. "खिडकी लहान आहे म्हणून तिने नाक मुरडलं. माझी खिडकी!"

'माझ्या बहिणीची' म्हणायचं होतं तिला. इस्त्री तापली की माणसाचे शब्द गळतात.

असो. खिडकी तर खिडकी. मेहुणीने त्या जोडप्याला वाट दाखवली, दलालाला जिना दाखवला आणि साडूंसमोर येऊन उभी राहिली.

"घर विकायला काढलंत?"

"नाही. चेलो ऐकत होतो."

"एका पायावर?"

"मास्तरांनी सांगितलंय."

"लोक मला जिन्यात थांबवून विचारतात की आमचं बिनसलंय का. काय सांगू त्यांना?"

साडू पाय खाली ठेवून म्हणाले, "सांग, एक मिळेना झालंय. सात ऐकली. एक सावकाश आहे, एक घाईत आहे, एकाची कवळी वाजते. खरं कुठलं तेच कळत नाही."

मेहुणी हसली नाही. पण आत जाऊन तिने दोन कप चहा केला, आणि बऱ्याच दिवसांनी दोन्ही कप एकाच टेबलावर आले.

आणि मग ते आठवं रेकॉर्डिंग बाजारात आलं. त्याच मैफलीचं, जिच्यात साडू स्वतः हजर होते. साडूंनी अपेक्षा न ठेवता लावलं. तीन भाग झाले. चौथा लागला. वादकाने गज उचलला, ती शांतता आली, आणि त्या शांततेच्या पार तळातून एक असा आवाज उठला की साडू खुर्चीच्या टोकावर आले. खोल, गरगरीत, सावकाश वर येणारा आणि मग समाधानाने खाली बसणारा. जणू सगळ्या तुकड्याला कुणीतरी खालून हात देतंय. बाकी सातांमध्ये हे नव्हतं. म्हाताऱ्यातही नव्हतं.

साडूंच्या अंगावर काटा आला. नोकरीत पहिल्यांदा ती काचेची पेटी उघडली होती तेव्हा आला होता, तसाच. हाच तो खरा नमुना.

त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर कान लावून म्हणाले, "कवळी नाही. दात सगळे स्वतःचे. पण पडजीभ थोडी सैल असावी." ती वाद्याला कुठली, म्हणून साडूंनी ते मनावर घेतलं नाही. मास्तर सावधान उभे राहिले. तळमजल्यावरच्या बाईंनीही कबूल केलं की हे कपाट बाकीच्यांपेक्षा चांगलं सरकतं. वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणाऱ्या जाणकाराने तर अर्धा रकाना त्या एका जागेवर खर्च केला: वादकाने सर्वांत खालची तार मुद्दाम उतरवून काढलेला हा गूढ घुमारा म्हणजे मानवी एकटेपणाचा हुंकार आहे. साडूंनी तो रकाना कापून निरीक्षकाला पाठवला. खाली लिहिलं, "म्हाताऱ्याचं आता विसर."

मग एका संध्याकाळी, छाती फुगवून, त्यांनी मेहुणीला समोर बसवलं. "आता कळलं मला त्यात काय आहे ते. ऐक."

तिने डोळे मिटून ऐकलं. ती जागा आली. घुमारा उठला. मेहुणीने डोळे उघडले. "परत लावा."

साडूंनी परत लावलं.

"हे तुम्ही आहात," ती म्हणाली.

"म्हणजे माझ्या मनातलंच..."

"मनातलं नाही, नाकातलं. तुम्ही घोरताय. लग्न झाल्यापासून रोज ऐकते आहे, मला नाही ओळखू येणार? आता श्वास अडकेल... अडकला. आता 'फुर्र' होईल." सीडीतून फुर्र झालं. "आता कोपर."

सीडीत पुसटसं काही आपटलं, आणि पाठोपाठ एकट्या माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या.

साडूंच्या आयुष्यातला तो फार अवघड क्षण. जगात एकच कलाकृती त्यांना मनापासून आवडली होती, आणि ती त्यांचीच निघाली. बरं, तिचं कौतुक करावं तर आढ्यता, निंदा करावी तर आठ दिवस सगळ्यांना बोलावून ऐकवलेली. ते मशीन बंद करून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मेहुणी आत हसत होती. तोंडाला टॉवेल लावून, पण हसत होती.

इथून पुढे सूनबाई, मान जरा जोरात हलव.

कारण त्या रेकॉर्डिंगचं नाव एवढं झालं की लोक त्या वादकाकडे तो घुमारा मागू लागले. त्याने तार उतरवून पाहिली, दोन तारा उतरवून पाहिल्या, चेलोत उशी भरून पाहिली. जमेना. मैफलवाल्यांनी शोध काढला. चौथ्या रांगेतल्या कुठल्या खुर्चीवर कोण होतं ते पाहिलं, आणि हिवाळ्यातल्या मैफलीचे दोन पास साडूंच्या घरी आले. शेजारी-शेजारी. सोबत हात जोडून विनंती, की साहेबांनी चौथ्या भागात कृपया झोपावं.

दोन पास, सूनबाई! मेहुणीच्या शेजारची खुर्ची, आणि तीही सन्मानाने. साडूंनी तयारीत कसूर ठेवली नाही. मास्तरांच्या सल्ल्याने दुपारभर जिना चढउतार केला. डॉक्टरांनी घसा तपासून दिला. सभागृहात त्यांच्या खुर्चीवर उशी ठेवली होती, एका माणसाने गरम दूध आणून दिलं, आणि डोक्यावर त्यांच्यापुरता वेगळा मायक्रोफोन. वादकाने आधी प्रेक्षकांना नमस्कार केला, मग वेगळा साडूंना.

आणि काय सांगू, त्या माणसाची झोपच उडाली! सगळं सभागृह आपल्या श्वासाची वाट बघतंय म्हटल्यावर कुणाला झोप येईल? पहिल्या स्वरापासून साडू टक्क जागे. आणि जागे राहिले म्हणून त्यांनी ऐकलं. पहिला भाग ऐकला, दुसरा ऐकला, कवळीविना तिसरा ऐकला. चौथ्या भागात वादकाने गज उचलला. सगळ्या माना साडूंकडे वळल्या. साडू गप्प. त्यांनी श्वास रोखून धरला होता. आणि ती शांतता, जी त्यांनी आठ रेकॉर्डिंगांतून ऐकली नव्हती, ती त्यांना ऐकू आली. कमी नाही, जास्त नाही. काट्यावर काटा. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी मेहुणीने न बघता हात पुढे केला आणि त्यांच्या कोटाच्या बाहीचा काठ धरला, पिशवीचा बंद धरावा तसा. शेवटचा स्वर संपेपर्यंत तो माणूस एकदासुद्धा पेंगला नाही. तेव्हापासून आरशाच्या कडेला दोन तिकिटं असतात. झाली गोष्ट.

सूनबाईची मान मघापासून हलायची थांबली होती.

"बाबा, एक विचारू?"

"विचार ना. पासांचं ना? खरे पास होते, सोनेरी कडेचे."

"पासांचं नाही." तिने समोरच्या आरशाच्या कडेला खोचलेल्या दोन तिकिटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई परवाच सांगत होत्या की त्या एकुलत्या एक. त्यांना बहीण कुठंय?"

आत इस्त्री थांबली. आम्ही दारामागच्या छत्रीकडे पाहिलं. छत्री काही बोलली नाही.

"आणि पासबिस कुणी पाठवले नव्हते," आतून सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही तिकिटं मीच काढली होती."

इस्त्री पुन्हा फिरू लागली.

"आणि पहिल्या भागातच डोळा लागला होता यांचा. पार शेवटपर्यंत. त्या खेपेला मी उठवलं नाही, एवढंच."